एकेचाळीस डबे

"अर्पिता, पळू नको गं बाई. या गावात बाई पळाली की गाव तिच्यामागं पळतंय."

सासूबाईंनी हे मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं. दूध उतू जाईल म्हणून मी अंगणातून स्वयंपाकघरात पळत गेले, तर शेजारच्या तिघी जणी "काय झालं, काय झालं" करत आमच्या ओट्यावर हजर. मी हसले. बी.एस्सी. झालेली मुलगी, मायक्रोबायोलॉजी घेऊन. मला कोण काय सांगणार? सासूबाईंचं म्हणणं मी दुधाच्या सायीबरोबर बाजूला काढून ठेवलं.

आमचं गाव बदनापूरपासून तीन किलोमीटरवर. घरात आम्ही चौघं. सासूबाई उषाबाई, माझा नवरा कल्याण, मी आणि आमची रेणू. कल्याणला मी तोंडानं 'अहो'च म्हणते, पण लिहिताना ते फार लांबतं, म्हणून इथं नुसतं कल्याण. तो जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायला आहे. शंभर बिया ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उघडायचा, किती उगवल्या ते मोजायचं आणि अहवालावर सही करायची. त्याच्या सहीवर बियाण्याची पोती बाहेर पडतात. सकाळी सातला मोटारसायकलवर बदनापूर स्टेशन आणि तिथून गाडीनं जालना. गाडी बहुतेक उशिरानंच येते, त्यामुळे फलाटावर अर्धा-पाऊण तास गप्पा.

आणि माझं काम काय? रेणू श्वास घेतेय की नाही ते बघणं.

हसू नका. रेणू झाल्यापासून मी झोपलेल्या लेकराच्या नाकाखाली उलटा हात धरून बसायची. मिनिटाला किती श्वास, हे मोबाईलवर वेळ लावून मोजायची आणि वहीत लिहायची. ती शांत झोपली की मला वाटायचं, जास्तच शांत झोपलीय. मग तिला हलवून उठवायची. ती रडली की मला बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, लेकरू ठणठणीत आहे, तुम्ही झोपा. झोपायचं कसं, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याण मोटारसायकलला बांधलेला सुकलेला झेंडूचा हार सोडवत बसला आणि डबा घरीच विसरला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, तिकडं खाईल काहीतरी." पण मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी रेणूला त्यांच्याकडं दिलं, कॉलेजचे जुने बूट पायात घातले आणि डबा घेऊन निघाले. आधी भरभर चालले. मग घड्याळ बघितलं आणि पळायला लागले.

चौकात काकासाहेब चहा पीत बसले होते. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गावात कुणाचं काहीही असो, आधी त्यांना कळायला पाहिजे. मला पळताना बघून ते उभेच राहिले.

"आरं, कल्याणची बायको पळू राह्यली! कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. पण हे सांगायला मी थांबले नाही, तेवढा दम कुठं होता? त्यामुळे बदनापूर स्टेशनात मी पोचले तेव्हा माझ्यामागं तीन मोटारसायकली, एक टेम्पो आणि टेम्पोत मागं उभे राहिलेले काकासाहेब अशी मिरवणूक होती. फलाटावरचा कल्याण पांढराफटक पडला. मी डबा वर धरला.

"डबा," मी म्हटलं.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग स्टेशनबाहेर सगळ्यांना चहा पाजावा लागला, ते वेगळंच. परत येताना मी काकासाहेबांच्या शेजारी टेम्पोत उभी होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वीस-बावीस मिनिटं मी रेणूच्या श्वासाचा विचार केलेला नाही. माझा स्वतःचाच श्वास एवढा मोठ्यानं चालू होता की त्यात दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. घरी गेले तर रेणू सासूबाईंच्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा चोखत होती. जिवंत. माझ्याशिवाय.

त्या दुपारी मी दोन तास झोपले.

आता बाईनं उगाच पळायचं म्हटलं तर कारण काय सांगणार? या गावात रस्त्यावर पळतात ते पोलीस भरतीची पोरं आणि दावं तोडलेली जनावरं. मला एकच कारण माहीत होतं आणि ते एकदा खपलं होतं. पुढच्या सोमवारी कल्याण गाडी पुसायला अंगणात गेला, तेवढ्यात मी त्याच्या पिशवीतून डबा काढला आणि पिठाच्या डब्यामागं ठेवला. पिशवीत पाण्याची दोन लिटरची बाटली असायची, त्यामुळे वजन कमी झालेलं त्याला कळलं नाही. तो गेला. मी दहा मिनिटं थांबले आणि मोठ्यानं म्हटलं, "अगं बाई, आज पुन्हा विसरले की हे!"

सासूबाई चुलीकडं बघत म्हणाल्या, "पळ मंग."

रोज विसरला असता तर संशय आला असता. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं, ते तिथं कामाला आलं. एकदा सोमवारी, मग गुरुवारी, मग लागोपाठ दोन दिवस, मग आठवडाभर काहीच नाही. बघणाऱ्याला वाटावं, बिचारा माणूस, कधी विसरतो कधी नाही. रेणूच्या श्वासांच्या वहीत मागच्या पानावर मी किलोमीटर लिहायला लागले. जाताना तीन. येताना आधी तीन, मग कृषी संशोधन केंद्राच्या शेतांना वळसा घालून पाच, मग मोसंबीच्या बागांमागून सात. घरी सांगायची, "भाजी बघत आले." भाजी कधी आणली नाही. कुणी विचारलंही नाही.

पळणाऱ्या माणसाचे शत्रू म्हणजे कुत्री, असं फोनवर वाचलं होतं. आमच्याकडं कुत्री बरी. शत्रू म्हणजे मोटारसायकलवाले.

"वहिनी, बसा!"

"नको भाऊ, जवळच जायचंय."

"कुठं?"

"बदनापूरला."

"मंग तर बसाच!"

नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. एकदा मला एका सकाळी तीनदा बसावं लागलं, आणि तिन्ही वेळा उतरून उलटं पळत येऊन तेवढं अंतर भरून काढावं लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे कचरूभाऊंचा ट्रॅक्टर. त्याचा वेग आणि माझा वेग एकच. दोन किलोमीटर ते माझ्या शेजारून ट्रॅक्टर चालवत कापसाच्या बोंडअळीवर बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "आवं वहिनी, बसा की, काहून जिवाला त्रास?" मी वैतागून सांगितलं, "गाडीवर बसलं की मला मळमळतं."

संध्याकाळी चार बायका कच्च्या चिंचा घेऊन आल्या. रेणूला भाऊ हवा की बहीण, यावर त्यांची चर्चा चालली होती.

पेट्रोलच्या वासानं मळमळतं, एवढंच, हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. पण फायदा झाला. गावभर कळलं की कल्याणची बायको गाडीवर बसत नाही. लोक हात दाखवून पुढं जायला लागले.

आता कल्याणचं सांगते. इथं मी माझी बाजू मांडणार नाही, कारण बाजू नाहीच.

माझे सासरे, अण्णा, मी बघितलेले नाहीत. शेवटची दोन वर्षं ते घरातल्या माणसांना पाहुणे समजायचे, कल्याणला 'या, बसा, कुठून आलात' म्हणायचे. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. आणि तरीही मी त्या माणसाच्या मुलाचा डबा लपवत होते.

सुरुवातीला कल्याण हसायचा. गाव त्याच्या मदतीला धावलं तेव्हाही हसायचा. काकासाहेब रोज पाच भिजवलेले बदाम त्याच्यासाठी चौकात घेऊन बसायचे आणि बदाम खाल्ल्यावर परीक्षा घ्यायचे. "एकोणतीस सत्ते?" "दोनशे तीन, सर." "शाबास. जा." गाडीत त्याच्याबरोबर जाणारा रामप्रसाद त्याच्याच विभागात आहे, एका टेबलावर बसतो. तो सगळ्या डब्यात ओरडायचा, "आली रे, अन्नपूर्णा आली!" आणि खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. मी डबा द्यायची, कल्याण ओशाळून घ्यायचा, गाडी सुटायची.

मग त्यानं रुमालाला गाठ मारायला सुरुवात केली. आरशावर चिठ्ठी चिकटवली: डबा. डिसेंबरात एक दिवस त्यानं स्वतःच्या हातानं डबा पिशवीत ठेवला, मला दाखवला, आणि गाडी पुसायला गेला. मी तरीही काढला. मला त्या दिवशी बारा किलोमीटर करायचे होते, वहीत तसं लिहून ठेवलं होतं.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "ठेवल्याचं मला आठवतंय, अर्पिता. बराबर आठवतंय. अन् डबा नव्हता."

"असं होतं कधी कधी," मी म्हटलं.

"अण्णांचं बी असंच सुरू झाल्तं."

मी रेणूच्या तोंडात भात कोंबत राहिले. ठरवलं, संपलं आता, यापुढं नाही. शुक्रवार, शनिवार नाही केलं. रविवारी रेणूला साधी सर्दी झाली आणि माझा उलटा हात पुन्हा तिच्या नाकाखाली गेला. सोमवारी डबा पुन्हा पिठाच्या डब्यामागं.

तो कामावर बिया दोनदा मोजायला लागला, मग तीनदा. गाडी चुकायला लागली, उशिरा घरी यायला लागला. चौकात काकासाहेबांनी विचारलं, "एकोणतीस सत्ते?" आणि तो, म्हणतात, नुसता बघत राहिला.

जानेवारीत संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. मंगळवार. कल्याण अंगणात, माझा हात पिशवीत. डब्याखाली एक घडी केलेला कागद लागला. मी उघडला.

मा. व्यवस्थापक साहेब, विनंती की मागील काही महिन्यांपासून माझ्या विस्मरणात वाढ झाली असून तपासणी अहवालावर सही करण्यास मी स्वतःला पात्र समजत नाही. तरी सदर जबाबदारी दुसऱ्याकडे देण्यात यावी. खाली त्याची ती वळणदार सही आणि आजची तारीख.

बाहेर गाडीला किक बसली. मी घाबरून डबा पिशवीत कोंबला, आणि कागद ओढणीखाली घेतला. हाताला चोरीची सवयच लागली होती, त्याला काहीतरी घेतल्याशिवाय पिशवीबाहेर येता येत नव्हतं. कल्याण आत आला, पिशवीत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि गेला.

गाडीचा आवाज वळणावर गेला तेव्हा मला कळलं मी काय केलंय. आता तो जालन्याला पोचणार, साहेबांसमोर पिशवीत हात घालणार, आणि अर्ज नसणार. आणखी एक. दोन मिनिटांत तो दुसरा अर्ज लिहील, आणि या वेळी त्यात अजून एक ओळ घालील.

तो स्टेशनात पोचेपर्यंत थांबून मी फोन लावला. त्यानं उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. "आहे गं डबा! स्टेशनात उघडून बघितला. आहे!" आवाज असा, जसा दहावीचा निकाल लागलाय. मागून रामप्रसाद विचारत होता, "आज अन्नपूर्णेला सुट्टी का?" मी "बरं" म्हटलं आणि फोन फळीवर ठेवून दिला.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"आई, मी जालन्याला जाऊन येते."

सासूबाईंनी रेणूला कडेवर घेतलं. "कशानं?"

"बघते."

बघितलं तर काय, सगळे ओळखीचे. आदिनाथ मोटारसायकलवरून आला, मी हात केला. त्यानंही हात केला, हसला, पुढं गेला. दुसरा एक आला, तोही हात हलवून गेला. कचरूभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले, मी मधोमध उभी राहिले, तर ते मला वळसा घालून ओरडले, "ठावं हाय वहिनी, तुम्ही बसत न्हाई!" तीन महिने मी जे शिकवलं होतं ते गाव मन लावून शिकलं होतं. पायात बूट होतेच. मी पळायला लागले.

चौकात काकासाहेब: "आज काय विसरला?"

"काही नाही, सर. मीच निघालेय."

बदनापूरला पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. तिथं रिक्षा, जीप, बस सगळं मिळतं. पर्स घरी राहिली होती, पण मागितलं असतं तर कुणीही सोडलं असतं. एक जीपवाला थांबलाही. मी पायरीवर पाय ठेवला, आणि मनात म्हणून बघितलं: अहो, तुमचा डबा मी काढत होते. पुढचं वाक्य येईना. जीपमध्ये बसले असते तर अर्ध्या तासात त्याच्यासमोर उभी राहिले असते, एक वाक्य घेऊन. पाय खाली घेतला. जीपवाला काहीतरी पुटपुटत गेला.

पुढं सतरा-अठरा किलोमीटर. एवढं मी कधीच पळले नव्हते, वहीतला सगळ्यात मोठा आकडा बारा. शेजारून लोखंडी सळयांचे ट्रक जात होते, सळयांच्या टोकांना लाल फडकी फडफडत होती. आठव्या किलोमीटरपर्यंत मी दुसरं वाक्य तयार केलं. दहाव्याला ते खोटं वाटलं, सोडून दिलं. मग वाक्यं थांबलीच. टाचेला फोड आला, तो फुटला, मोजा ओला झाला. मोसंबीच्या गाड्यावरच्या एका बाईनं न विचारता अर्धी मोसंबी हातात दिली आणि म्हणाली, "कुणाला तरी गाठायचं असंल. जा जल्दी." छाती दुधानं दाटून आली. रेणूची वेळ झाली होती. तेव्हा आठवलं की मी सासूबाईंना काहीच सांगून आले नाही, तापमापक कुठं आहे, सर्दीचं औषध किती थेंब, काहीच नाही. मी वाट बघितली, की आता रेणूची भीती येईल. आली नाही. आज भीती दुसऱ्याच माणसासाठी होती, आणि तिच्यापुढं रेणूच्या भीतीला जागा उरली नव्हती.

कंपनीच्या गेटावर पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. वॉचमन देवानंद मला ओळखत नव्हता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि टोपी काढली.

"ताई, कोण गेलं?"

"कुणी नाही. कल्याणला बोलवा. उगवण विभाग."

तो पळतच आत गेला आणि आत काय बोलला कुणास ठाऊक. कल्याण आला तो भिंतीला धरत.

"रेणू बरी आहे," मी आधी म्हटलं. "आई बऱ्या आहेत. डबा मी काढत होते."

"कुठला डबा?"

"सगळे. तुम्ही ठेवायचात, मी काढायची. मला पळायचं होतं."

मी ओढणीतून अर्ज काढला. घामानं त्याचा लगदा झाला होता, तो मी त्याच्या हातात ठेवला.

"हा पण तुम्ही विसरला नव्हतात."

"दुसरा लिहून ठेवलाय, साहेब यायचेत अजून," म्हणत तो गेटाजवळच्या कट्ट्यावर बसला. मग त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"किती?"

"एकेचाळीस."

"त्यातले माझे किती?"

"एक. पहिला, हार सोडवत होतात तो."

"मंग गाडीत चष्मा राह्यला, तो?"

"तो तुमचाच."

"बरं," तो म्हणाला. आणि एवढा मोठा श्वास सोडला की देवानंदनं वळून बघितलं. "बरं. चष्मा माझा."

मग आत जाऊन डबा घेऊन आला, कट्ट्यावर उघडला, आणि अकरा वाजता सगळा खाल्ला. मला विचारलं नाही. शेवटची भाकरी मोडताना म्हणाला, "मला वाटलं, दोन वर्षांत रेणूला मी 'या, बसा' म्हणणार." डोळे पुसले, डबा बंद केला, पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

"मी परत कशी जाऊ?"

"पळत जा की," तो म्हणाला. मग रस्त्यावर येऊन मला बसमध्ये बसवून दिलं, पण काचेकडं बघितलं नाही.

त्यानंतर नऊ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. पिशवीला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. मला चौकात नेऊन काकासाहेबांना सगळं माझ्या तोंडानं सांगायला लावलं. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, उरलेले बदाम खिशात टाकले आणि मला विचारलं, "एकोणतीस नव्वे?" मला आलं नाही.

घरी सासूबाईंना सांगायला बसले, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला दुसऱ्याच आठवड्यात कळाल्तं. पिठाच्या डब्याला रोज हात मीच लावते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पळून आली की जेवायचीस. लेकराला घेऊन हसायचीस. तुला झोपलेली मी तवाच बघितली पहिल्यांदा."

"पण आई, ते घाबरले होते."

त्यांचा हात सुपात थांबला. "ते मला न्हाई कळालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पोरगं बापासारखं गप असतंय, तसंच असंल." आणि मग पुष्कळ वेळ खडाच सापडत नसल्यासारख्या तांदळात बघत राहिल्या.

दारात कल्याण उभा होता. "म्हणजे दोघींनी मिळून मला येडं केलं," एवढंच बोलून गेला.

दहाव्या दिवशी पहाटे उठले तर तो ओट्यावर बुटाच्या नाड्या बांधत बसलेला. "चल. मला बघायचंय, कशासाठी केलं ते."

आम्ही दोघं निघालो. मी पुढं, तो मागं, उजवा हात कमरेवर. चौकाच्या पुढं गेलो तर आदिनाथनं मोटारसायकल आडवी घातली, खाली उतरला आणि कल्याणला दोन्ही हातांनी मिठीच मारली. "जाऊ द्या ना दादा! लेकराची आई हाय. घरात बसून बोला." कल्याण सोडवून घेत होता, आदिनाथ सोडत नव्हता. मी रस्त्याच्या कडेला बसून हसून हसून रडले. कल्याणच्या तोंडावर पण काहीतरी हललं होतं, पण त्यानं ते लगेच पुसून टाकलं.

दीड महिना झाला. अहवालावर सह्या तोच करतो, बिया एकदाच मोजतो, असं रामप्रसादनं मला सांगितलं. पिशवीचं कुलूप कधी गेलं, कळलं नाही. मला माफ केलं का, हे मात्र त्यानं सांगितलेलं नाही, आणि मला विचारायची हिंमत नाही. पळताना तो बोलत नाही, मीही नाही.

आज रविवार. त्यानं ठरवलं की आपण एकट्यानं जालन्यापर्यंत जायचं, कंपनीच्या गेटाला हात लावायचा आणि बसनं परत यायचं. आता दर रविवारी असंच, म्हणाला. आजवर तो आठ किलोमीटरच्या पुढं गेलेला नाही. फोन फळीवर ठेवून गेला. निघताना माझ्याकडून रेणूची शपथ घेतली: मागं यायचं नाही, गावातल्या कुणाला पाठवायचं नाही, कुणाला फोन लावायचा नाही.

साडेपाचला गेला. आता दहा वाजून वीस मिनिटं. रेणू झोपलीय, मी तिच्याकडं सकाळपासून दोनदाच बघितलं. रस्त्याकडं किती वेळा बघितलं ते लिहीत नाही.

शपथ गावातल्या लोकांपुरती घातलीय. तुम्ही काही आमच्या गावचे नाही.

तर रविवारी सकाळी तुम्ही बदनापूर-जालना रस्त्यानं जात असाल, तर कडेकडेनं पळणारा एक उंच माणूस बघा, निळा टी-शर्ट, उजवा हात कमरेवर. त्याला बसा म्हणू नका. गाडी थोडी हळू करा, पाणी प्यायला का विचारा, आणि बरं आहे ना, एवढं विचारा. 'बरं आहे' म्हणाला तर खुशाल पुढं जा. काहीच बोलला नाही, तर थोडं अंतर ठेवून गेटापर्यंत त्याच्यामागं राहा. आणि मी सांगितलंय, हे मात्र त्याला कळू देऊ नका.